तात्यांनी मोकळी सोडलेली जागा

काकांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये होते. "तात्या गेले गं," एवढंच म्हणाले. माझ्या मनात पहिला विचार आला तो मोबाईलमधल्या रेकॉर्डिंगचा... रडू नंतर आलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

तात्या माझे चुलत आजोबा. तरुणपणी तमाशाच्या फडात सोंगाड्या होते, लोकांना हसवायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. लोणी काळभोरहून रोजची ये-जा नको म्हणून तात्यांनीच मला वारज्याला, काकांच्या फ्लॅटवर ठेवून घेतलं. काका म्हणजे तात्यांचा मुलगा, सरकारी नोकरीत. घरात फडाचा विषय काढायचा नाही, हा त्यांचा नियम.

गेल्या वर्षी कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. सरांनी अमेरिकेतल्या अगदी पहिल्या काळ्या गायकांची, शंभरेक वर्षांपूर्वीची रेकॉर्डिंग ऐकवली होती. गाणारे स्वतः काळे, आणि गाण्यातली काळी माणसं मात्र आळशी, चोरटी, बावळट. ही गाणी आज वाजवावीत का, यावर बोलायचं होतं. मी 'नको' म्हणणाऱ्यांत होते. तयारी तात्यांसमोर केली. "या कलावंतांनी टाळ्यांसाठी आपल्याच माणसांचा अपमान विकला," हे वाक्य मी हात उंचावून म्हटलं.

तात्यांनी सुपारी कातरायची थांबवली. "दुसरी गाणी गाऊ देत हुते का त्यास्नी?"

"नाही म्हणता आलं असतं ना, तात्या."

"आलं असतं की. मग तुझ्या सरांना रेकॉर्डिंग कुणाचं घावलं असतं?" मग दाराकडे बघून म्हणाले, "तुझा काका न्हाई ना घरात? कर मोबाईल चालू."

मांडीवर ठेका धरून त्यांनी फडातलं एक गाणं म्हटलं. त्यात आमच्याच जातीच्या माणसाची टिंगल होती. भित्रा, हावरट, पाटलापुढं लोळण घेणारा. लाज वाटावी असं गाणं, पण तात्यांच्या त्या भुवया, तो ठेका... मला हसू आवरेना. प्रत्येक कडव्याच्या शेवटी जातीच्या नावापाशी आले, की ते समोरून उत्तर ऐकायचं असल्यासारखा कानामागे हात धरून थांबायचे. तिसऱ्या कडव्याला ती मोकळी जागा मीच भरली. मोठ्यानं, हसत.

ठेका थांबला. "स्टेजवर त्यो शबूद म्या कधी काढला न्हाई, पोरी. म्या थांबायचो. लोकच वरडायचे." अडकित्ता पुन्हा हातात घेत म्हणाले, "तू बी वरडलीस." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

भाषण मी तसंच केलं, त्या वाक्यासकट. टाळ्या पडल्या. संध्याकाळी तात्यांनी विचारलं, "मग, काय ठरलं त्या गाणाऱ्यांचं?"

"काही ठरलं नाही."

"ऱ्हाऊ दे. त्यास्नी कुठं घाई हाय आता?"

तात्यांच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदन होतं त्या दिवशी, बुद्धवंदना झाल्यावर काका माझ्याजवळ आले. "तात्यांचा आवाज आहे का गं कुणाकडे? फोटो आहेत, पण आवाज कुणाच्याच मोबाईलमध्ये नाही." फडाचं नाव काढू न देणाऱ्या माणसाचा तो चेहरा मला बघवेना. तरी मी "नाही" म्हटलं. नंतर एका मैत्रिणीला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, तुझा आवाज तेवढा कापून टाक. बसलेही होते कापायला. पण तो कापला, तर तात्या पुढे बोलतायत ते कुणाला? त्यांचं बोलणंही कापावं लागणार. मग मोबाईल तसाच ठेवून दिला... आणि रोज जेवताना काकांकडे बघायचं टाळत राहिले.

मागच्या रविवारी त्यांना तात्यांच्या खोलीत, कॉटवर बसवलं. "काका, मी खोटं बोलले होते," म्हणून मोबाईल आम्हा दोघांच्या मध्ये ठेवला. पहिलं कडवं संपत आलं. तात्या थांबले. काकांचे ओठ हलले... आणि घट्ट मिटले. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्याला माझा आवाज आला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. खिडकीत तात्यांचा अडकित्ता होता, मी त्याकडे बघत राहिले.

रेकॉर्डिंग संपलं. काका म्हणाले, "परत लाव."

मी लावलं. तात्या पुन्हा त्या जागी आले, आणि आमच्यासाठी थांबले.