कलाबाई आणि जात्याची घरघर

आमच्या गावचा हापसा काळी चारमध्ये रडतो, हे आम्हाला क्लारानं सांगितलं. हापशाला पाणी येत नाही हे सांगणारे पुष्कळ येऊन गेले होते, त्यातले काही निवडूनही आले. पण तो कोणत्या सुरात रडतो हे सांगणारी ती पहिलीच.

हिंगोलीहून आलेल्या एसटीतून ती कनेरगाव नाक्यावर उतरली आणि मी तिला घेऊन पायी गावात आले. पाठीवर भलीमोठी पिशवी, हातात व्हायोलिनची पेटी. हापशापाशी येताच ती थबकली आणि डोळे मिटून उभी राहिली. रांगेतल्या एकीनं मला हळूच विचारलं, "काहून ओ मॅडम, चक्कर आली का हिला?" तेवढ्यात क्लारानं पेटी उघडली, व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि हापशाच्या दांड्याचा आवाज जसाच्या तसा काढून दाखवला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. संध्याकाळपर्यंत क्लाराचं नाव कलाबाई झालं होतं.

ती बेल्जियमची. देशाचं नाव ऐकून आमच्या शाळेचा शिपाई म्हणाला, "म्हंजे आरशावाल्यांची." एका संस्थेनं तिला आमच्या शाळेत मुलांना इंग्रजी शिकवायला पाठवलं होतं. पगार नाही, राहण्याजेवणाची सोय गावानं करायची. गाव म्हणजे कोण, यावर ग्रामपंचायतीत बरीच चर्चा झाली आणि शेवटी गाव म्हणजे मी असं ठरलं, कारण मी त्या शाळेत मास्तरीण आहे आणि आमच्या न्हाणीघराला आतून कडी आहे.

इंग्रजी ती सकाळी शिकवायची. तिला खरं शिकायचं होतं ते गाणं. पुण्यात वर्षभर ती एका बुवांकडे ख्याल शिकली होती. तिथं कुणीतरी तिला जात्यावरच्या ओव्यांबद्दल सांगितलं आणि ही तानपुरा सोडून आमच्या जात्याकडे निघाली. पुण्याहून तिनं आणलेलं मराठीही तसंच इस्त्रीचं होतं. पहिल्या दिवशी जेवताना ती माझ्या सासूबाईंना म्हणाली, "कृपया मला मीठ मिळेल का?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. कोर्टातून कुणी आल्यासारखं वाटलं त्यांना. दोन महिन्यांत हीच क्लारा चुलीपाशी बसून "मीठ दे ना माय" म्हणू लागली. तिला हाक मारली की उत्तर ठरलेलं असायचं, "थांबा, आईकून राहिले." काय ऐकते आहे ते मात्र आपल्याला कळत नसे. कधी कढईतली फोडणी, कधी छपरावर वाळत घातलेल्या हळदीवरची चिमण्यांची भांडणं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आत्याबाईंनी तिला जे पहिलं शिकवलं ते गाणं नव्हतंच. शाळेला निघताना क्लारा दारातून म्हणाली, "जाते, माय." आत्याबाई कडाडल्या, "जाते म्हनू न्हाई पोरी! येते म्हनावं. मंग घरच्यानं 'ये' म्हनावं. जाय म्हनून कोनाला वाटंला लावू न्हाई." त्यानंतर क्लारा हापशावर जातानासुद्धा "येते" म्हणायची, आणि आत्याबाई हातातलं काम न थांबवता "ये" म्हणायच्या. हा खेळ रोज चाले. मला सांगायला हरकत नाही की माझ्या वाट्याला इतकं "ये" कधी आलं नाही.

ओव्या मात्र लगेच निघाल्या नाहीत. "अशी कशी येईल बसल्या जागी? जातं फिरलं पाहिजे," असं आत्याबाईंचं म्हणणं. गावात गिरणी आल्यापासून आमचं जातं जिन्याखाली पडून होतं, लग्नाच्या हळदीपुरतं बाहेर यायचं. क्लारानं ते एकटीनं ओढून काढलं, धुतलं, आणि रोज दुपारी शाळा सुटल्यावर दोघी खुंट्याला हात लावून समोरासमोर बसू लागल्या. पहिले आठ-पंधरा दिवस आम्ही जी भाकरी खाल्ली तिच्यात ज्वारीपेक्षा दगडच जास्त असावा. माझे यजमान एकदा म्हणाले, "संगीताची सेवा करायला माझी हरकत न्हाई, पण दातानं काहून?"

क्लाराचा हात बसला तशा ओव्या वाहू लागल्या. बहुतेक भावाच्या. आमच्याकडे जात्यावर बसलेली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही आणि भावाचं सोडत नाही. आत्याबाईंचे धाकटे भाऊ रंगरावमामा शेजारच्या गावचे बडे हळदवाले. आमच्या शाळेला त्यांनी पाण्याची टाकी दिली आहे. टाकीपेक्षा तिच्यावरचं नाव मोठं आहे. त्यांच्यावरची ओवी सगळ्या घराला पाठ होती:

"भाऊ माझा ग येतो, नाक्यावरून त्याची वाट,
हळदीच्या रानावानी त्याचा पिवळा थाटमाट."

प्रत्यक्षात भाऊ नाक्यावरून यायचा तो पुढच्या गावाला जायला. बऱ्याच वर्षांपूर्वी, बाप गेल्यावर, आत्याबाईंनी वडिलांच्या रानावरचा हक्क सोडून दिला होता. बहिणी देतात तसा. रान मागितलं तर माहेरचं दार बंद होतं, हे कुणी सांगावं लागत नाही. अंगठा दिला आणि दार उघडं ठेवून घेतलं, एवढाच तो व्यवहार. पण दार नुसतं उघडं राहिलं. आत या, चार दिवस राहा, असं म्हणायला कुणी आलं नाही. आत्याबाईंनी यावर कधी शब्द काढल्याचं मला आठवत नाही. या घरात येऊन मला वीस वर्षं होतील. मला वाटायचं, त्यांना त्याचं काही वाटतच नसावं.

क्लारा एका छोट्या यंत्रावर ओव्या टिपायची. तिची एकच तक्रार असे. "जात्याची घरघर फार हाय, माय. शब्द बुडून राहिले. आवाज स्वच्छ पाहिजे." आत्याबाई हसायच्या. "अगं घरघर हाय म्हून तर बोलता येते, बाई. भाईर ओसरीवर मानसं बसतेत. त्यायला चाल ऐकू जाते, बोल न्हाई. जातं थांबलं की तोंड बी थांबते."

हे वाक्य क्लारानं टिपून ठेवलं होतं. मला तिनं मोठ्या कौतुकानं ऐकवलंही होतं.

तिची मुदत संपत आली तेव्हा शाळेनं निरोपाचा कार्यक्रम ठरवला. आमच्याकडे निरोपाचा कार्यक्रम कुणाचाही असला तरी सत्कार प्रमुख पाहुण्यांचा होतो. मुख्याध्यापकांनी रंगरावमामांना बोलावलं. क्लारानं सुचवलं की त्याच वेळी मायचाही सत्कार व्हावा, भावाच्या हातून. मुख्याध्यापकांना कल्पना इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी ती त्यांचीच झाली. मामांनी निरोप धाडला, "ताईला लुगडं मीच आणतो. अन् कार्यक्रम झाला की गाडीतच घेऊन येतो तिला, राहील चार-आठ दिवस."

आत्याबाईंनी हा निरोप मला तीनदा सांगायला लावला. मग पेटीतून कापडी पिशवी काढली, तिच्यात दोन लुगडी, भावजयीसाठी खण, नातवंडांसाठी शेंगदाण्याचे लाडू भरले, आणि कार्यक्रमाच्या दिवशी ती पिशवी मांडीवर घेऊनच पहिल्या रांगेत बसल्या. "ठिवा ना आत्याबाई ऑफिसात," मी म्हणाले. "ऱ्हाऊ दे. मंग घाईत इसरंल," त्या म्हणाल्या.

सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. दीपप्रज्वलन झालं, वाऱ्यानं ते दोनदा करावं लागलं. मामांना फेटा बांधला. मुख्याध्यापकांनी आत्याबाईंना ओवीसम्राज्ञी म्हणून टाकलं, सम्राज्ञींनी शेजारणीला विचारलं, "काय म्हनला त्यो?" मामांनी लुगडं दिलं, बहिणीच्या पाया पडले, टाळ्या झाल्या. आत्याबाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मग क्लारा माईकपाशी आली.

"मी तुमच्याकडून लई शिकले," ती म्हणाली. "आज तुमी मायला ऐका. जात्याचा आवाज मी काढून टाकला. खूप रात्री काम केलं. आता फक्त माय हाय."

आणि भोंग्यातून फक्त माय आली. ती थाटमाटाची ओवी इतकी स्वच्छ, की श्वास घेतलेला कळावा. मामांनी फेट्याला हात लावला. मागून कुणीतरी ओरडलं, "मामा, तुमचंच हाय!" हशा पिकला. तो ओसरतो न ओसरतो तोच दुसरी सुरू झाली. ही मी कधी ऐकली नव्हती.

"रान देलं भावाला ग, राहावं म्हून दार,
च्या पिऊन जाय म्हणतो, बाई, झाला उशीर फार."

आणि लगेच तिसरी:

"बापाच्या हळदीचा, बाई, वास माझ्या हाता,
अंगठा ज्यानं घेतला, त्यानं पाठ केली आता."

क्लाराचे डोळे मिटलेले होते. ती ऐकत होती. अख्खं गाव ऐकत होतं.

मी धावत जाऊन वायर ओढली, पण ऐकू जायचं ते सगळं ऐकू गेलं होतं. मामांनी फेटा उतरवून टेबलावर, नारळाशेजारी ठेवला आणि खाली बहिणीसमोर येऊन उभे राहिले.

"इतकं होतं मनात?"

"रंगा, आरं ते जात्यावरलं हाय रे," आत्याबाई म्हणाल्या. एवढंच त्यांना सुचलं.

मामांनी आजूबाजूला पाहिलं. "जातं कुठी हाय इथं?"

गाडी निघून गेली. आत्याबाई बराच वेळ पिशवी मांडीवर घेऊन तशाच बसल्या. सतरंज्या गोळा करणारी पोरं त्यांच्यापर्यंत आली आणि त्यांची रांग सोडून पुढची उचलू लागली.

क्लाराला मी वर्गात गाठलं. माझा अंदाज होता की तिला अर्थ लागला नसेल. परक्या भाषेतून आलेल्या माणसाला आपण ही सवलत मनातल्या मनात देऊन ठेवतो.

"अर्थ कळला नव्हता का तुला?"

"कळला होता. म्हून तर लावलं."

"त्यांनी काही सांगितलं नव्हतं, हे गाताना?"

"सांगितलं होतं. हे आपल्या दोघीत, म्हणाल्या."

"आणि तू?"

"व्हय माय, म्हणाले." मग तिनं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण सूर पक्का होता. "पण मॅडम, ते गाणं दोघींपेक्षा मोठं हाय. मला वाटलं, मामा ऐकतील अन् रडतील. माफी मागतील. लपवायचंच होतं तर इतकं सुरात काहून गायल्या?"

रडण्यासाठी कुणी प्रमुख पाहुणा होऊन येत नसतो, हे मी तिला सांगितलं. आणखीही बरंच बोलले. तिनं ते शांतपणे ऐकलं. तिचं ऐकणं नेहमीच चांगलं होतं.

आत्याबाईंशी बोलायला मला दुसरा दिवस लागला. त्या पिशवीतलं एकेक सामान पेटीत परत लावत होत्या. मी विचारू नये ते विचारलं. "वीस वर्षं मी या घरात आहे. मला काहून नाही सांगितलं कधी? तिला सांगितलंत."

"तू हितलीच हाईस ना," त्या म्हणाल्या. "तुला सांगतलं असतं तर रंगा आला की तुझ्या तोंडावर दिसलं असतं. ती तर जानारी. तिचं हितं कोन हाय? म्हनलं, हिच्यासंगं जाईल साता समुद्राच्या पल्याड." त्यांनी खण घडी घालून ठेवला. "भोंगा आनंल, हे काय ठावं मला."

सोमवारी मधल्या सुट्टीत पोरं 'च्या पिऊन जाय'ची ओळ म्हणत उड्या मारत होती. मी दोघांना धरलं, पण ओळ तोवर नाक्यावरच्या हॉटेलात पोचली होती. चहावाला गिऱ्हाइकाला कप देताना ती म्हणू लागला. मामांचा रस्ता तिथूनच जातो. मामा आता वाट वाकडी करून जातात.

क्लारा निघाली त्या दिवशी तिला न्यायला संस्थेची जीप आली होती. मला वाटलं होतं, आत्याबाई बाहेर येणार नाहीत. त्या आल्या. कुंकू लावलं, ओटी भरली, नारळ दिला. रीत म्हणून लेकीला जे करतात त्यातलं काही सोडलं नाही. क्लारानं वाकून नमस्कार केला, पेटी उचलली आणि दारात उभी राहून, या घरात शिकलेलं पहिलं वाक्य म्हणाली:

"येते, माय."

आत्याबाईंनी आतून कप आणून तिच्या हातात दिला.

"च्या पिऊन जाय, बाई," त्या म्हणाल्या. "झाला उशीर फार."

गाऊन नाही, रागानंही नाही. साधं, पाहुण्याला म्हणतात तसं. हापशाचा सूर ओळखणाऱ्या मुलीला हे ओळखायला वेळ लागला नाही. ती "ये" ची वाट पाहत थोडा वेळ उभी राहिली. जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. आत्याबाई केव्हाच आत गेल्या होत्या.

क्लारानं चहा पूर्ण प्यायला, मोरीवर जाऊन कप स्वतः विसळला, पालथा घातला आणि गेली.