ठिपक्यांची अक्षरं

ब्रह्मपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हा वैनगंगेच्या अल्याड-पल्याड माझ्याइतका हुशार माणूस नाही असं माझं ठाम मत होतं. बिघडलेलं मशीन काय, कुणीही दुरुस्त करतं. मला धडधाकट चालणाऱ्या मशीनला हात घालायची खोड होती. ती खोड चाचांच्या डब्याला भोवली, आणि डब्यापेक्षा जास्त चाचींना. पण चाचींचं मला फार उशिरा कळलं.

चाचा म्हणजे बाजाराच्या गल्लीतले छापखानेवाले. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आणि धान कापून झालं की गावोगावच्या नाटकांची हँडबिलं. पुढे छापखाना, मागे घर, मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. छापखान्यात एक जुना छोटा कॉम्प्युटर होता, नागपूरच्या कुणा प्रेसवाल्याने काढून टाकलेला. स्क्रीन, डिस्क, सगळं एकाच खोक्यात, वर उचलायला खाच. स्क्रीन वहीच्या पानाएवढी, काळी-पांढरी. आम्ही सगळे त्याला डबाच म्हणायचो.

त्या डब्यात चाचांची अक्षरं होती. त्यांच्या वडिलांनी सागाच्या लाकडात कोरलेले ठसे होते आणि त्यांना वाळवी लागली होती. ते पुरते संपायच्या आत चाचांनी एकेक ठसा समोर ठेवला आणि माऊसने एकेक ठिपका काळा करत तीच अक्षरं डब्यात उतरवली. दोन वर्षं लागली. एकट्या ‘श्री’ला आठ दिवस. आसपासच्या गावांतली माणसं पत्रिका छापायला यायची ती ‘चाचाचा श्री पाहिजे’ म्हणतच यायची. नमाजाची वेळ चुकू न देणारा हा माणूस गणपतीच्या नावातली वेलांटी नीट वळली नाही म्हणून जेवायला उठायचा नाही.

डबा हळू चालायचा. मोठं हँडबिल उघडायला लागला की चाचा पान लावून घ्यायचे, तरी ते उघडलेलं नसायचं. मीच म्हटलं, "चाचा, मी याले नवा करून देतो. मेमरी वाढवतो, मोठी डिस्क टाकतो." चाचांनी नुसती मान हलवली. "चालून तर राह्यला ना बाबू. काऊन खोलतं त्याले?" पण मी काही ऐकणाऱ्यातला नव्हतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण तेव्हा मला दुसऱ्यांसाठीच आहे असं वाटायचं.

तो डबा उघडणं म्हणजेच एक काम होतं. त्याचे दोन स्क्रू खाचेच्या आत वीतभर खोल होते आणि त्यांची डोकी चांदणीसारखी. तसा पेचकस कुठे मिळेना. शेवटी लेथवाल्याकडून लांब सळई घेतली, कानशीने टोक घासून घासून तयार केलं. नागपूरच्या भंगारातून मेमरीच्या पट्ट्या आणि मोठी डिस्क आणली. मग डोक्यात आलं, जुनी डिस्क काढायची कशाला? दोन्ही बसवू एकाच डब्यात, वर एक छोटा पंखा. असला डबा जिल्ह्यात कुणाकडे नसणार.

सगळी तयारी झाल्यावर डबा उचलून माझ्या दुकानात आणला. चाचांच्या फाइली आधी बाहेर काढायला हव्या होत्या. माझ्याकडे चालणाऱ्या फ्लॉप्या चारच. एकेक भरायची, माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर रिकामी करायची, परत भरायची. यादी पाहिली, प्रत्येक फाइलचं नाव होतं. खुशीत येऊन जुनी डिस्क पुसून कोरी केली. मग सगळं नव्या डिस्कवर चढवलं, डबा भरभर सुरू झाला, आणि मी अक्षरांची फाइल उघडली. नाव होतं, आत काही नव्हतं. दुसरी उघडली, तीही तशीच.

नंतर समजलं ते असं. तो डबा काही फाइलींचा मजकूर वेगळ्या भागात ठेवायचा, आणि फ्लॉपीवर तो भाग एका लपलेल्या कप्प्यात जायचा. माझ्या कॉम्प्युटरला तो कप्पा दिसलाच नव्हता. मी चार फ्लॉप्यांवर नुसती नावं वाहून नेली होती, आणि पुसलेल्या डिस्कवरून काही परत काढायची विद्या माझ्याकडे नव्हती. दोन दिवस मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो. आणि तिसऱ्या दिवशी खरं सांगायचं सोडून मी काय केलं, तर जुनी डिस्क हातात घेऊन चाचांकडे गेलो आणि म्हणालो, "चाचा, डिस्क जळून गेली होती. उघडून पाह्यली तं मेलेलीच. व्होल्टेजनं खाल्ली."

डिस्क अगदी चांगली होती. आजही माझ्या कपाटात आहे.

व्होल्टेज मला आयतंच सुचलं होतं. घरातली पाण्याची मोटर लागली की डब्याची स्क्रीन चारी बाजूंनी आकसायची, आणि मोटर लावताना डबा बंद ठेवा, असं मीच त्यांना कधीतरी बजावलं होतं. चाचा डिस्ककडे बघत राहिले. "सारे अक्षर गेले?" "हो." "श्री पण?" मी मान हलवली. त्यांनी एकदाच पडद्याकडे वळून पाहिलं, मागे घराकडे. मग म्हणाले, "तुही काही चूक नाई बाबू. तू तं सांगतलं होतं. आमचीच चूक हाय."

ते ‘आमची’ म्हणाले, आणि मी त्यातलं काही ऐकलं नाही. मी सुटलो होतो.

चाचांना मोतीबिंदू उतरायला लागला होता. पुन्हा ठिपके भरणं होण्यासारखं नव्हतं. बाजारातली तयार अक्षरं मीच त्यांना टाकून दिली, आणि चाचांच्या पत्रिका इतर कुणाच्याही पत्रिकेसारख्या दिसू लागल्या. वर कहर म्हणजे ते आल्यागेल्याला सांगायचे, "स्टॅबिलायझर घ्या रे भाऊ, नाई तं माह्यासारखं होईन," आणि माझ्या दुकानाकडे बोट दाखवायचे. माझे स्टॅबिलायझर खपले. मी ते विकले, दुसरं काय. लाज वाटायची आणि मी विकायचो.

त्यानंतर मी छापखान्यात असलो की पडद्याआडून चाचींचा आवाज यायचा, "मशीन बंद हाय काय? मोटर लावू काय?" दर वेळी, न चुकता. डबा बंद असला तरी, अंगणात पाण्यासाठी भांडी ताटकळली तरी. मला वाटायचं, बाई शिस्तीची आहे.

चार-पाच वर्षांनी मी दुकान विकायला काढलं. आवराआवरीत ती डिस्क हाती आली आणि मला राहवेना. चाचांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, मुलगा छापखाना बघत होता, डबा कोपऱ्यात कापड पांघरून पडला होता. आदल्या वर्षी चाची वारल्या होत्या. आता सांगून टाकलं तर चाचा हसतील, एक शिवी घालतील आणि माझं मन हलकं होईल, असा माझा हिशेब. चाचींचं मी त्यात धरलंच नव्हतं.

मी सगळं सांगितलं. फ्लॉप्या, रिकामी नावं, पुसलेली डिस्क. चाचा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मंजे व्होल्टेजनं नोती गेली?"

"नाई चाचा. मीच पुसली."

"तू डबा नेला त्याच हप्त्यात तिनं मोटर लावली होती," ते म्हणाले. "डबा चालू होता. घरी पावणे होते, पाणी नोतं. तू डिस्क घेऊन आला त्या दिवशी मी तिले लय बोललो. माह्या बापाचे अक्षर तू खाल्ले म्हनलं. इतके साल संसार झाला, मी तिले कधी तसा बोललो नोतो." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ते आखरीपर्यंत इचारत होती बाबू. खाटेवर पडून होती, हात उचलत नोता, तरी इचारे. मोटर लावू काय?"

मी त्यांच्या पायाशी वाकलो. त्यांनी मला उठवलं नाही, ढकललंही नाही. तेवढ्यात पडद्यामागे त्यांच्या सुनेने मोटर लावली, कुणालाही न विचारता, आणि छापखान्यातला दिवा मंद झाला. ती बंद होईपर्यंत आम्ही दोघं तसेच होतो.