नागसेनच्या लॅपटॉपमधले सात प्रिंटर

तुमच्या घरात उद्या मयत झाली तर ती न्यायची कुठं, हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का? नसणार पडला. गावाला पत्र्याच्या शेडची स्मशानभूमी असली, शेडवर फंड कुणी दिला त्याची पाटी असली, की माणूस हा प्रश्न विसरून जातो. नागसेनला मात्र एका शुक्रवारी सकाळी साडेनऊपासून त्याच प्रश्नानं धरलं होतं, आणि त्याची हरकत एका जुन्या प्रिंटरमध्ये अडकून पडली होती.

इनामगावच्या पुढं, घोड नदीच्या काठाला त्याचं गाव. गावाचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की माणसं मूळ भांडण सोडून नावावरच भांडत बसतात. या गावच्या बौद्धवस्तीच्या मयती नदीच्या अंगाला, अर्ध्या एकराच्या एका तुकड्यावर जळत आल्या. शेड नाही, पाटी नाही, हातपंपसुद्धा नाही. जमीन कागदावर पुण्याला गेलेल्या एका मालकाची. त्याच्या आज्यानं ‘जाळा इथं’ असं तोंडी सांगितलेलं, त्यावर तीन पिढ्या निघाल्या. आता नातवानं तो तुकडा गावच्या हौसराव पाटलांना विकला. चावडीच्या फळ्यावर नोटीस लागली, की सातबाऱ्यावरचं नाव बदलतंय, कुणाची हरकत असंल तर पंधरा दिवसांत लेखी द्या. नोटीस लागली ती जनावरांच्या लसीकरणाच्या पोस्टरखाली. नागसेनच्या नजरेला पडली तेराव्या दिवशी. आज पंधरावा.

हरकत त्यानं दोन दिवस बसून टाईप केली होती. तीन पानं. शेवटच्या पानावर बासष्ट ओळी, वस्तीतल्या एकेका मतदाराच्या सहीसाठी. कागद हातात आला की सह्या, सह्या झाल्या की शेजारच्या गावातलं तलाठी ऑफिस. नोंदीवर हरकत आली नाही तर सोमवारी नोंद मंजूर, आणि मग त्या जमिनीवर मयत नेणं म्हणजे हौसरावांच्या रानात घुसणं.

कागद हातात येत नव्हता.

लॅपटॉपच्या कोपऱ्यात पाटी यायची, नवीन प्रिंटर सापडला, सेट होतोय. निळं कडं गोल गोल फिरायचं. टिंग व्हायचं. नागसेन छाप म्हणायचा. प्रिंटर ढिम्म. वायर काढून दुसरीकडं लावली की पुन्हा तीच पाटी, नवीन प्रिंटर सापडला. अरे, नवीन कुठला? दौंडच्या एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासातून दोन वर्षांमागं पोत्यात गुंडाळून आणलेला तोच हा. पण लॅपटॉप आपला प्रत्येक वेळी पाहुणा आल्यासारखा त्याची नव्यानं ओळख करून घेत होता.

‘‘हातानं लिव्ह की,’’ ताईबाई म्हणाली. ताईबाई म्हणजे नागसेनची आई. सत्तरीची, उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती.

‘‘गप बस.’’

‘‘गप बसून छापतोय का त्यो?’’

हातानं लिहायचं नाव काढलं की नागसेनचं डोकं फिरायचं, त्याला कारण होतं. एकेकाळी वस्तीवरचा जयंतीचा फलक त्याच्याच हातचा असायचा. लांबून बघितलं तरी छापल्यासारखा. मग सणसवाडीच्या एका कंपनीत प्रेस मशीननं उजव्या हाताची तीन बोटं नेली. घरी आला, डाव्या हातानं लिहायला शिकला आणि वस्तीच्या पाण्यासाठी पहिला अर्ज घेऊन एका ऑफिसात गेला. तिथल्या बाबूनं कागद लांब धरला आणि चार माणसांत म्हणाला, ‘‘कोंबडी नाचवलीय का यावर? टाईप करून आणा.’’ त्या दिवसापासून नागसेननं सही सोडून एक अक्षर हातानं काढलं नाही. लॅपटॉप घेतला, डाव्या हातानं टाईप करायला शिकला, शासन निर्णय वाचायला शिकला. आता तालुक्याच्या ऑफिसात त्याचा कागद गेला की साहेब आधी चष्मा पुसतो. तो मान त्यानं एका हातानं कमावला होता. तो काय असा सोडणार?

गावात झेरॉक्सचं दुकान नव्हतं असं नाही. गोकुळचं होतं. गोकुळ सज्जन माणूस, पण हौसरावांचा सख्खा पुतण्या. काचेवर ठेवलेला कागद चहा निवायच्या आत काकांच्या मोबाइलवर पोचायचा. शिरूर गाठायचं तर एसटी सकाळीच गेलेली, गाड्या घेऊन माणसं कामावर. आणि खरं सांगायचं तर दर वेळी त्याला वाटायचं, आता दहा मिनिटांत निघतोय. त्या दहा-दहा मिनिटांनी त्याची सकाळ खाल्ली.

साडेबाराला फोन वाजला. धाकटा भाऊ सुमित. तोही सणसवाडीलाच, खोली करून राहतो. कंपनीत मोबाइल गेटवर ठेवून घेतात, फक्त जेवणाच्या आणि चहाच्या सुट्टीत हातात मिळतो.

‘‘दादा, बंद-चालू करून बघितला का?’’

‘‘मला येडा समजतो का? सात बार केला.’’

‘‘लॅपटॉप?’’

‘‘त्यो पन.’’

‘‘मग प्रिंटर काढून टाक लिस्टीतनं आन् परत टाक.’’

‘‘आरं, त्यो आपला आपनच परत टाकतोय. त्येच तर रडगानं हाय.’’

‘‘वरडू नको. तिकडं काय दिसतंय त्ये वाचून दाखव.’’

‘‘काय दिसतंय? माझं कपाळ दिसतंय,’’ असं म्हणून नागसेननं फोन कापला. कापल्यावर त्याला कळलं, की आता तीन वाजेपर्यंत सुमित सापडायचा नाही. त्यानं परत लावला. बंद. स्वतःच्या मांडीवर बुक्की मारली आणि वायर पुन्हा काढली.

दोनच्या सुमाराला हौसराव दारात आले. पांढरा सदरा, हातात मोटारसायकलची चावी. आत आले नाहीत, ताईबाईला ‘‘काय म्हातारे, बरी हाईस का’’ विचारलं आणि चौकटीला हात लावून उभे राहिले.

‘‘नागसेन, हरकत घेतोयस म्हनं.’’

‘‘घेतोय, आप्पा.’’

‘‘घे की. तुझा हक्क हाय. पन मी काय तुमची मयत अडवनार हाय का? आजवर कवा अडवलीय? शब्द देतो, चार मान्सांत देतो.’’

‘‘त्या मालकाच्या आज्यानं बी शब्दच दिला व्हता, आप्पा. चांगला मानूस व्हता. त्यो मेला, शब्द बी त्येच्याबरूबर गेला.’’

हौसराव हसले. राग नाही आला त्यांना, आणि त्याचाच नागसेनला जास्त राग आला. जाता जाता ते प्रिंटरकडं बघून म्हणाले, ‘‘मशिन रुसलंय वाटतं. गोकुळकडं जा, दोन मिंटात काढून दील.’’

‘‘चालू हाय माझं,’’ नागसेन म्हणाला. निळं कडं गोल गोल फिरत होतं.

ते गेल्यावर त्यानं वायर उपटून दुसरीकडं घातली. ताईबाई म्हणाली, ‘‘तुझ्या बापाला तिथंच जाळलं. मला बी तिथंच जागा बघून ठिवलीय मी, त्येच्या जवळ. आता काय, पाटलाला इचारून मरायचं?’’ म्हणाली आणि लसणाची टरफलं गोळा करायला लागली.

तीनला सुमितचा फोन आला. या वेळी नागसेननं तोंडावर ताबा ठेवला. सुमित सांगेल तसं एकेक ठिकाणी दाबत प्रिंटरच्या यादीपर्यंत पोचला. यादी उघडली आणि तो बघतच राहिला. एकाच नावाचे प्रिंटर, एकाखाली एक. पुढं कॉपी वन, कॉपी टू, असं करत सात.

‘‘सात? वायर रोज येकाच भोकात लावतो ना?’’

‘‘जे मोकळं आसंल त्यात लावतो. रोज आय काढती, मी घालतो.’’

‘‘आय का काढती?’’

आता हे सुमितला विचारायची गरज नव्हती, तोही याच वस्तीत वाढलेला. वस्तीची लाईट वेडी आहे. डीपीवर, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर, काही बिघडलं की घरात दोनशेवीसच्या जागी चारशे येते. एका पावसाळ्यात नऊ टीव्ही आणि दोन फ्रीज एका रात्रीत जळाले. तेव्हापासून वस्तीत रीतच पडली, काम झालं की घरातली एकूण एक पिन काढून ठेवायची. ताईबाई ही रीत देवपूजेसारखी पाळायची. बोर्डाची पिन काढायची तशीच लॅपटॉपला लावलेली प्रिंटरची बारकी वायरसुद्धा काढायची आणि वेटोळं करून खिळ्याला अडकवायची. माउस-पेनड्राइव्हचा जोड लावून लॅपटॉपला उरलेली तीन भोकं, आणि त्या जोडाला चार. वायर नव्या भोकात गेली की लॅपटॉपला वाटायचं, नवा प्रिंटर आला. तो बिचारा नव्यानं मांडायचा. छापायला सांगितलं की कागद मात्र बहुतेक वेळा पहिल्याकडंच पाठवायचा, आणि पहिल्याच्या भोकात वायरच नसायची. आजवर काढून-घालून कधी ना कधी जमून जायचं. आज सकाळपासून घाईघाईत बाकीची सहा भोकं फिरून झाली होती, पहिलं तेवढं महिनाभर राहून गेलं होतं.

‘‘पयला कुठल्या भोकाचा त्यो शोध. त्यात लाव आन् मग हात लावू नको. भोंगा झाला दादा, जातो मी.’’

डाव्या अंगाचं मागचं भोक. वायर घातली तशी प्रिंटरनं घसा खाकरला. आतली चाकं फिरली, कागद सरकला. नागसेनच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. कागद बाहेर आला. त्यावर होतं, सोजराबाईच्या निराधार पेन्शनचा अर्ज.

मग दुसरा. तोही सोजराबाईचा. तिसरा, गटाराची तक्रार. महिनाभरात या पहिल्या प्रिंटरकडं पाठवलेले आणि न निघालेले सगळे कागद तिथं रांग लावून बसले होते. अर्ज केव्हाच दुसऱ्या भोकातून निघून ऑफिसात पोचलेले, आणि आता ते पुन्हा एकेक करून जन्माला येत होते. घरात मोजून एकोणीस कोरे कागद. नागसेन बटणं दाबत होता, प्रिंटर ऐकत नव्हता. चौथा, पाचवा, आठवा, चौदावा. आजची हरकत त्या रांगेत सगळ्यांच्या मागं.

‘‘कागद उपस,’’ ताईबाई ओरडली.

त्यानं ट्रेमधली उरलेली थप्पी दोन धडक्या बोटांनी धरून ओढली. पाच कोरे कागद वाचले. मग एका हातानं रांगेतला एकेक अर्ज रद्द केला. सोजराबाईचे उरलेले, गटाराचे, कुणाच्या तरी बोनाफाइडचा. सगळे गेल्यावर छाप म्हटलं. तीन पानं आली, शेवटचं जरा फिकट. ऑफिसची पोच घ्यायला दुसरी प्रत पाहिजे, त्याला तीन कागद, आणि उरले दोन. तिसरं पान त्यानं सोजराबाईच्या अर्जाच्या पाठकोऱ्या बाजूवर काढलं.

घड्याळात चार वाजून वीस मिनिटं.

वस्ती रिकामी. निम्मी माणसं कंपनीत, निम्मी कांद्याच्या रानात, यायची ती दिवस बुडताना. नागसेन दारोदार पळाला. ताईबाईचा अंगठा पहिला. मग पलीकडची बाळंतीण, दोन म्हातारे, ताप आला म्हणून घरी राहिलेला एक वायरमन. एका म्हातारीनं आधी विचारलं, ‘‘ह्यानं रेशन बंद व्हनार न्हाई ना?’’ तिची समजूत घालण्यात पाच मिनिटं गेली. बासष्ट ओळींपैकी अकरा भरल्या. दुधाचा टेम्पो निघाला होता, तो त्यात कॅनच्या मधे बसला.

तलाठी ऑफिसात पोचला तेव्हा पावणेसहा. तलाठी भाऊसाहेब कपाटाला कुलूप लावत होते. त्यांनी कागद घेतला, उभ्या उभ्या वाचला.

‘‘बासष्ट म्हणता आणि सह्या अकरा?’’

‘‘बाकीची कामावर हायती, भाऊसाहेब.’’

‘‘पुरावा काय? तिथं मयती जळतात, याचा एखादा कागद?’’

‘‘राख हाय तिथं.’’

‘‘राख जोडता येत नाही अर्जाला.’’ हे ते कुचेष्टेनं म्हणाले नाहीत, खरं तेच म्हणाले. शिक्का काढला, पोच दिली, वर तारीख आणि वेळ घातली. ‘‘हरकत आली, आता नोंद तक्रारीत गेली. मंडल अधिकाऱ्यांपुढं सुनावणी लागेल, नोटीस येईल. पण नुसत्या अर्जावर टिकणार नाही हे. ग्रामपंचायतीचा दाखला आणा.’’

ग्रामपंचायतीत दाखला द्यायला बसलेत हौसरावांचे व्याही. मृत्यूच्या दाखल्यावर माणूस मेला कुठं ते लिहितात, जाळला कुठं ते नाही लिहीत.

घरी आल्यावर ताईबाईनं पोच हातात घेतली, उलटीसुलटी केली. ‘‘सकाळीच हातानं लिवलं आसतं तर बासष्टच्या बासष्ट घावली आसती. शिफ्टला जायच्या आधी.’’  आयुष्यात पहिल्यांदा नागसेन आईला ‘खरंय’ म्हणाला.

मग त्यानं मोबाइल काढला. बापाच्या, बन्सीच्या मयतीचे फोटो शोधले. एकवीस निघाले. सगळ्यांत बन्सीचा चेहरा, हार, भिक्खूंचे हात, रडणाऱ्या बाया. फोटो काढणारा प्रत्येक जण प्रेताच्या जवळ वाकलेला. एकाही फोटोत नदी नाही, काठ नाही, जागा कुठली ते सांगेल असं काही नाही. वस्तीत ज्याला त्याला विचारलं, सगळ्यांकडं तसेच.

सुनावणीची नोटीस अजून आलेली नाही, पण येणार. तुमची त्या वस्तीवर सोयरीक असेल, शिरूरकडून नाहीतर दौंडकडून कधी तिथं कुणाच्या मातीला आला असाल, तर एवढं करा. मोबाइल उघडा, मागं मागं जा. सरणाच्या मागं घोडचं पाणी आणि पलीकडच्या काठावरची पंपाची खोली दिसेल असा एक जरी फोटो सापडला, तर तो तारखेसकट नागसेनला पाठवा.