रुमालाखालचा हात

महांतेशला भरदुपारी डुलकी लागते ती ध्यान करताना. तो तिला झोप म्हणत नाही, खोल अवस्था म्हणतो. स्वतःचं घोरणं त्याला ऐकू येत नसल्यामुळे या मताला आजवर कोणी धक्का लावू शकलेलं नाही.

आज संकष्टी. पोटात साबुदाण्याची खिचडी, मुठीत मोबाईल, मोबाईलवर एक शेअर सकाळपासून घसरगुंडी खेळतोय. भाव फार खाली गेला की शेअर आपोआप विकून टाकणारी स्टॉपलॉसची ऑर्डर त्याने लावली होती. सकाळी काढून टाकली. ती राहिली असती तर महांतेश चुकला, असा बाजाराचा गैरसमज झाला असता.

त्या शेअरमध्ये भाग्यश्रीचा गाळा आहे. भाग्यश्री म्हणजे त्याची बायको. गावभरचे ब्लाउज शिवून तिने साठवलेले पैसे संध्याकाळी गाळ्याच्या मालकाला द्यायचेत. "पैसे हायत न्हवं?" तिने सकाळी विचारलं. "हायत," तो म्हणाला, आणि आपला चेहरा किती शांत राहिला याचं त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. ध्यानाचा हा असा फायदा होतो.

"श्वास आत," ध्यानाच्या ॲपमधली बाई सांगते. तो घेतो. "श्वास बाहेर." तो सोडतो. "श्वास आत." तो घेतो. भिंतीवरचं घड्याळ मऊ पडत जातं, पंखा गुळासारखा घट्ट होतो.

"श्वास आत," बाई पुन्हा म्हणते.

मधलं 'बाहेर' राहिलं की, असं त्याला वाटतं. पण शिस्त म्हणजे शिस्त. तो घेतो.

"श्वास आत."

तो डोळे उघडतो. पलंगाच्या जागी हळदीची पोती आहेत, छताच्या जागी मार्केट यार्डाचे पत्रे. पोती हळूहळू फुगतायत. त्यांनाही बाहेर सोडायला कोणी सांगितलेलं नाही. समोर गुरुपादमामा उभे आहेत.

मामा वारलेत, हे महांतेशला स्वप्नातही पक्कं ठाऊक आहे. लिंगायतांच्या रीतीने त्यांना विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत, बसवून नेलं तेव्हा मागचा दांडा याच्याच खांद्यावर होता, आणि मामा अंगाने भरलेले होते. खड्ड्यातही बसवूनच माती दिली.

"मामा, तुम्हाला तर बसवलं होतं."

"किती बसायचं रं? पाय अवघडले."

मामा हळदीचे अडते. त्यांच्या काळी सौदा तोंडाने होत नसे. दोघांनी हातात हात द्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि आतल्या आत बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती सगळं यार्ड गोळा झालेलं. कोणाच्या तोंडावरून काही कळता कामा नये. मामांचं तोंड यात अव्वल. शेवटच्या सौद्यात रुमालाखाली हात असतानाच त्यांचं हृदय बंद पडलं, तर समोरच्या व्यापाऱ्याला वाटलं, म्हातारा ताणून धरतोय. तो भाव वाढवत गेला. मामा आडवे झाले तोवर ती हळद हंगामातल्या सगळ्यात चढ्या भावाने गेली होती.

"हात दे," मामा म्हणतात.

वडीलधाऱ्याने हात मागितल्यावर नाही कसं म्हणायचं? महांतेश देतो. वरून रुमाल पडतो. आतला हात ओल्या मातीसारखा गार आहे. एक बोट दाबलं जातं आणि त्याला भाव कळतो. पडलाय. दुसरं बोट. आणखी पडलाय.

"मामा, सोडा."

"तोंड सरळ ठेव. लोकं बघायल्यात."

पोत्यांभोवती माणसं दाटलीत. सगळ्यांना महांतेशचंच तोंड आहे, शांत, डोळे अर्धवट मिटलेलं. जवळच्या एकाच्या गालावर माशी बसते, चालत डोळ्याशी येते, बुबुळावर पाय पुसते. तो पापणी लववत नाही. काय बसलंय ध्यान, असं महांतेशला वाटतं आणि तो घाईने नजर वर वळवतो.

डोक्यावर भाग्यश्रीच्या गाळ्याचं शटर अर्धं खाली आलेलं आहे. आत शिलाई मशीन खडखडतंय. ती तोच रुमाल शिवतेय, दोघांचे हात आत ठेवून, मनगटांच्या कडेकडेने.

"टाका घट्ट घालते," ती मान वर न करता म्हणते. "पैसे हायत न्हवं?"

नाहीत, म्हणायचं त्याच्या अगदी जिभेवर आहे. "हायत," त्याचं तोंड म्हणतं. शांतपणे. शटर वीतभर खाली येतं. सुई मनगटाकडे वळते.

"श्वास आत," बाई म्हणते. छातीत आता सुईपुरतीही जागा नाही.

"मामा, हात सोडा! पाया पडतो!"

"मी कुठं धरलाय?" मामा खरोखर चकित होतात. "मेलेल्या माणसाच्या मुठीत कसली ताकद रं, लेका? वाकून बघ की."

शेवटचा टाका पडायचाय तेवढ्या फटीतून महांतेश बघतो. मामांचा पिवळा तळवा उघडा पडलाय. त्याच्यावर घट्ट आवळलेली बोटं महांतेशची आहेत. नखं रुतलीत.

"तोंड मलाबी जमलं हुतं," मामा म्हणतात. "हात सोडायचं न्हाई जमलं. छातीत कळ आली तवाच सौदा मोडून घरला जायचं हुतं. पर म्हटलं, सगळ्या यार्डादेखत गुरुपाद हात काढून घेतो व्हय?"

"मग?"

"मग काय. भाव झकास आला."

सुई वर उचलली जाते. महांतेश करंगळी सोडवतो. मुळासकट काहीतरी उपटावं तशी ती निघते. शेजारचं बोट. मधलं. शटर खांद्याला टेकतं. बाई तर सांगणार नाही हे एव्हाना त्याला कळलंय. मग तोच ओरडतो, "बाहेर!"

खोली. पंखा. उशीवर लाळ. मोबाईल मुठीत इतका आवळलेला की बोटं उघडताना दुखतात. तीन वाजून गेलेत, बाजार अजून चालू आहे आणि भाव स्वप्नातल्यापेक्षाही खाली. अंगठा बटणावर जातो. तो सगळं विकून टाकतो. अर्धा गाळा गेला, अर्धा उरला. शांत बिलकूल वाटत नाही.

आवाज ऐकून भाग्यश्री आत येते, गळ्यात टेप. "काय वो, ओरडलासा का? आणि तोंड असं का झालंय?"

"पैसे," तो म्हणतो. "निम्मे गेले. मी घालवले."

ती पलंगाच्या कडेला बसते. टेप बोटाभोवती गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते.

"सकाळी हायत म्हणालासा."

"खोटं बोललो."

"गाळेवाल्याला आता तुम्हीच जाऊन सांगा. तोंड हाय ह्येच घिऊन जावा." मग तिची नजर खाली जाते. "आणि हाताला काय फासलंय?"

तो बघतो. उजव्या हाताची बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पिवळीजर्द आहेत, नखांत भुकटी दाटलीय. साबुदाण्याच्या खिचडीत हळद घालणारं माणूस सांगलीत अजून जन्माला यायचंय.

भाग्यश्री त्याचं बोट धरून नाकाशी नेते. हुंगते. हळूच सोडून देते.

"ही आपल्या डब्यातली न्हाई," ती म्हणते.