एका घराला दोन वकीलबाया

आमच्या ऑफिसात कामापेक्षा किस्से जास्त जमतात, आणि त्यात माझा काडीचाही दोष नाही. दुबईत जेएलटी भागातल्या एका टॉवरमध्ये दोन खोल्यांचं ऑफिस. दुबई-शारजातल्या आपल्या कोणाला इंग्लंडमध्ये घर घ्यायचं असलं की तिकडचा वकील, तिकडची बँक आणि इकडचा गोंधळलेला माणूस यांची गाठ घालून द्यायची, एवढंच आमचं काम. मालक इक्बालभाई, मूळचे राजापूरचे. मी शीतल, डोंबिवलीची. मैत्रिणी विचारतात, तेच तेच करून कंटाळत नाहीस का गं? अगं, कंटाळायला फुरसत तर मिळू दे! एका फाइलमागे दोन-तीन किस्से ठरलेले, आणि मंदारच्या फाइलनं तर कहरच केला.

मंदार आमच्या मराठी मंडळातला. शारजात, अल नहदाला राहतो. स्वभावानं गरीब, पण प्रश्न विचारून समोरच्याचं डोकं उठवणार. बायको केतकी, मुलगा आरव आणि केतकीची आई, सुमनकाकू. काकूंचे यजमान डॉक्टर होते, तरुणपणी काही वर्षं इंग्लंडात होते, केतकीचा जन्म तिथलाच. त्यामुळे मायलेकींकडे तिकडचे पासपोर्ट. आता मंदारला तिकडेच, रेडिंगला नोकरी लागली आणि सगळ्यांनी कायमचं जायचं ठरवलं. काकूंनी चिंचवडचा फ्लॅट विकून सगळे पैसे लेकीच्या या घरासाठी दिले; बाकीचं बँकेचं कर्ज, आणि घर मंदार-केतकीच्या नावावर. म्हणजे हे घर झालं तरच काकूंना घर, नाहीतर त्यांना परत जायला जागाच नाही. म्हणून ही फाइल मी जरा जास्तच जपत होते.

*

पहिलं घर मिळालं असं समजून मंदार ऑफिसात पेढे घेऊन आला. समोरच्यांचा ईमेल होता, ऑफर ॲक्सेप्टेड. मी म्हटलं, थांब रे जरा. पण पेढे वाटून झाले होते.

दुसऱ्याच आठवड्यात घरमालकानं जास्त पैसे देणाऱ्याला घर देऊन टाकलं. मंदार तो ईमेल प्रिंट करून घेऊन आला. माझं म्हणणं असं की तिकडे दोघांच्या सह्या होऊन काँट्रॅक्टची अदलाबदल होईपर्यंत कोणीही मागे फिरू शकतं. विकणाराही आणि घेणाराही. त्याचं म्हणणं, मग हे लेखी लिहून दिलं ते काय होतं?

इक्बालभाई उरलेल्या पेढ्यांतला चौथा खात होते. म्हणाले, "हबीबी, तो होकार नव्हता. ते इन्शाल्ला होतं."

*

मग एक फ्लॅट आवडला. तिकडे फ्लॅट बहुतेक लीजवर असतात, म्हणजे जमीन दुसऱ्याची आणि आपण ठरावीक वर्षांचे धनी. याची लीज होती नऊशे नव्व्याण्णव वर्षांची. मी म्हटलं, नशीब काढलंस. मंदार दोन दिवस हिशेब करत बसला, आणि तिसऱ्या दिवशी विचारतो, "पण त्यानंतर काय?"

मला वाटलं चेष्टा करतोय. छे! त्यानं रेडिंगच्या आमच्या वकीलबाईंना, हेलनबाईंना, रीतसर ईमेल केला. बिचाऱ्या बाईंनी रीतसर उत्तर दिलं, की मुदत संपली आणि कोणी वाढवून घेतली नाही तर घर जमीनमालकाकडे जातं. झालं. मंदारची झोप उडाली. शेवटी आपलं नाहीच ना, हे एकच पालुपद. आरवनं आयपॅडमधून मान वर न करता सांगून टाकलं, "डॅड, बाय देन वुई विल ऑल बी डेड."

"आणि तुझी मुलं?" मंदार म्हणाला, आणि फ्लॅट रद्द झाला. आता जमिनीसकट स्वतःचं घर बघायचं ठरलं.

*

तसं घर मिळालं. मागे छोटी बाग, वर तीन खोल्या, बागेकडची काकूंची असं केतकीनं परस्पर ठरवूनही टाकलं. सगळे खूश. तेवढ्यात हेलनबाईंचा रिपोर्ट आला: जवळ एक जुनं चर्च आहे, आणि एका पुराण्या कायद्यानुसार त्या भागातल्या घरमालकांवर चर्चच्या दुरुस्तीचा खर्च येऊ शकतो. घाबरू नका, विमा काढा.

मी हे तीन वेळा वाचलं. मंदारनं एकदाच वाचलं आणि फोन केला.

"शीतल, आपण हिंदू आहोत हे त्यांना कळवलंय का?"

मी सांगितलं, कायदा धर्म बघत नाही, जमीन बघतो. इक्बालभाईंना यात काही अडचणच दिसेना. म्हणाले, आमच्या गावात देवळाच्या जत्रेला आमच्या मोहल्ल्यातून वर्गणी जाते, तसं देऊन टाका. मंदारनं विम्याचे पाउंड आधी दिरहममध्ये केले, मग रुपयांत, आणि म्हणाला, एवढ्यात तर आमच्या सोसायटीचा गणपतीही बसत नाही. काढ विमा.

*

तिकडे विकणारा एक यादी भरून देतो: घरात काय सोडून जाणार, काय घेऊन जाणार. ती वाचायला सगळे ऑफिसात आले, काकूसुद्धा. मी वाचत गेले. पडद्यांच्या दांड्या सोडणार. बल्ब सोडणार. संडासातली कागद अडकवायची दांडी सोडणार. बागेतली लाकडी शेड नेणार. गुलाबाची दोन झाडं मुळासकट नेणार.

काकूंनी मला तिथेच थांबवलं. म्हणाल्या, "ती दांडी ठेवतात आणि गुलाब नेतात? कसली गं ही माणसं?"



*

एवढं होऊनही ताबा मिळेना. कारण साखळी! म्हणजे आपला विकणारा जाणार दुसऱ्याच्या घरात, तो दुसरा तिसऱ्याच्या, आणि टोकाला एक आजोबा, ज्यांनी वृद्धाश्रमात जायचं कबूल केलं होतं पण घर सोडवत नव्हतं. ते हलले की सगळे हलणार.

मंदार रोज सकाळी मला व्हॉट्सॲप करायचा: आजोबा कसे आहेत? एकदा तर म्हणाला, त्यांचा नंबर दे, मी समजावतो. इकडे त्याचा भाड्याचा करार संपत आलेला, नव्या नोकरीवाले घाई करतायत, घरात खोक्यांमधून वाट काढत चालायचं. चिडचिड व्हायला लागली होती त्याची. हसणं कमी झालं होतं, मला दिसत होतं.

शेवटी आजोबा हलले. यल्ला, आता सह्या, असं मला वाटलं.

*

तर हेलनबाईंचा शेवटचा ईमेल. घरात राहणार, पण मालक नाही, अशी सज्ञान व्यक्ती कोण? सुमनकाकू. मग काकूंनी लिहून द्यायचं, की पैसे मी बक्षीस दिले, घरावर माझा हक्क नाही, आणि कर्ज थकून बँकेनं घर ताब्यात घेतलं तर मी निघेन. हे त्यांना समजावायला वकील दुसरी हवी. आणि बोलणं चालू असताना घरचं कोणीही खोलीत नको.

"एका घराला दोन वकीलबाया?" मंदार म्हणाला. "आम्ही काय भांडतोय का?"

मी म्हटलं, नियमच आहे, सगळ्यांना असतो.

काकू कडक इस्त्रीची सुती साडी नेसून आल्या. इंग्रजी कळतं त्यांना, पण सही करायची तर मराठीतूनच ऐकणार म्हणाल्या. मंदार-केतकीला मी बाहेर बसवलं आणि लॅपटॉप लावला. दुसरी वकीलबाई तरुण होती, आवाज गोड. कोणी जबरदस्ती केली का? नाही. पैसे परत मागता येणार नाहीत, कळलं? कळलं. बँक म्हणाली तर घर सोडावं लागेल, कळलं? कळलं. काही विचारायचंय?

काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"शीतल, तिला विचार. बँक म्हणाली जा, तर जायचं, ते समजलं. जावई म्हणाले जा, तर? त्याचा कागद कुठाय?"

मी जसंच्या तसं सांगितलं. तिनं समोरचा कागद पुन्हा चाळला. मग ती सावकाश म्हणाली की आज तरी तसा कागद नाही, आणि ही सही झाली तर राहण्याचा हक्कही उरत नाही. वेगळा करार करता येईल, पण त्याला मुलगी-जावई आणि बँक यांची संमती लागेल. त्यांना विचारून या.

मी बाहेर गेले. दोघं कॉफी मशीनपाशी उभे होते. काकू जे बोलल्या ते शब्द न बदलता सांगितलं. मंदारचा चेहरा एकदम उतरला. मला खरंच वाईट वाटलं त्याच्यासाठी.

"असं कसं विचारलं आईंनी?" तो म्हणाला. "मी आजवर एका शब्दानं काही बोललोय का त्यांना?"

केतकीनं हातातला कप खाली ठेवला.

"तिला नाही. मला बोललास. परवा, गाडीत. आई मागे होती, मंदार. तिला झोप लागली नव्हती."