अक्काची सुई

बिदर जिल्ह्यातल्या दुबलगुंडीत माझं बी-बियाणांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. तुरीचं पान हातात आलं की रोग सांगायची मला सवय. वीस वर्षं लोक ऐकत आले, त्यामुळे माणसांचे रोगही आपल्याला कळतात असा माझा समज झाला. थोरल्या बहिणीला, अक्काला, तो मान्य नव्हता. नवरा गेल्यापासून ती माझ्याकडेच राहते. साखरेचा आजार जुना. दोन वेळा इन्सुलिनची सुई स्वतःच पोटाला टोचून घेते. मी काही सांगायला गेलो की धाकट्या भावाला कानडीत मारतात ती हाक मारून म्हणते, "तम्मा, तू तुझ्या तुरीचं बघ."

गेल्या थंडीत बायको मुलीच्या बाळंतपणाला उदगीरला गेली आणि आम्हा दोघांना एकाच दिवशी तापानं धरलं. गावभर फ्लूची साथ होती. मी मजेत होतो. दुकान बंद, अंगावर गोधडी, बोलवायला कुणी नाही. जास्त शिंका कुणाला येतात यावर आमची पैज लागली, ती अक्कानं जिंकली.

अक्काचा नेम असा की अंघोळीशिवाय गळ्यातल्या लिंगाची पूजा नाही आणि पूजेशिवाय घास नाही. तापात अंघोळ कसली? विभूती लावून पूजा केली तरी चालतं, असं शेजारीण सांगून थकली. पण ऐकेल ती अक्का कसली! औषधाला नेम लागत नाही म्हणून माझा आलं-मिऱ्याचा काढा तेवढा प्यायची. गूळ मी सढळ हातानं घालत होतो. बिनगुळाचा काढा जनावरंसुद्धा पीत नाहीत.

पहिल्याच संध्याकाळी तिनं सुई काढली. मी तिचा हात धरला.

"जेवली न्हाईस, अन् सुई कामून घ्यायलीस? साखर उतरून पडशील की!"

"डॉक्टरला फोन करून इचार की."

"त्यात काय इचारायचं? पोट रिकामं, तर साखर यील कुठनं?"

ती दमली होती. "व्हय, तू म्हंतूस तर ऱ्हाऊ दे," म्हणाली आणि सुई ठेवून दिली. जन्मात पहिल्यांदा अक्कानं माझं ऐकलं. मला काय आनंद झाला!

तिसऱ्या दिवशी मी उठून पिठलं-भाकरी खाल्ली. ती मात्र उठेना. सारखं पाणी मागत होती, श्वास भराभर चालला होता, बोलणं बरळल्यासारखं. शेजाऱ्याच्या जीपमधून बिदरला नेलं. तिथं बोटातून रक्त घेतलं, तर साखर इतकी वर गेलेली की यंत्रात आकडाच उमटेना. फ्लू छातीत उतरला होता.

पहिल्या संध्याकाळपासून सुई बंद आहे एवढंच मी सांगितलं, कुणी बंद केली ते नाही. डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. ताप आला की उपाशीपोटीसुद्धा साखर वाढते. ती वाढली की अंगाची झुंजायची ताकद कमी होते, आणि छातीतला आजार फोफावतो. अशा वेळी सुई किती घ्यायची ते विचारायचं असतं, मनानं बंद करायची नसते. अक्का वाचेल का, या माझ्या प्रश्नावर बाई म्हणाल्या, उद्या सांगू. रात्रभर मी बाकावर बसून स्वतःला शिव्या घातल्या.

अक्का वाचली. दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी उठून बसली, विभूती लावून पूजा केली आणि मी आणलेल्या इडलीला नावं ठेवत दोन इडल्या संपवल्या. तेवढ्यात डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. त्यांनी कानडीत दरडावून विचारलं, सुई बंद करायला कुणी सांगितलं?

डब्याचं झाकण हातात धरून मी तिथंच उभा होतो.

"कुणी नाही," अक्का कानडीतच म्हणाली, "मीच विसरले."

मग बाईंनी तिला सगळ्या वॉर्डासमोर झापलं. या वयात असा हलगर्जीपणा! अक्का खाली मान घालून ऐकत राहिली. मी तोंड उघडलं नाही. लाज वाटली, आजही वाटते.

जाता जाता बाई माझ्याकडे वळल्या. "यापुढं हिच्या सुईकडं तुम्ही लक्ष द्या."

मी "बरं" म्हणालो. अक्काकडे बघायचं धाडस मात्र झालं नाही.