जफरभाईंना चालवणारे

राजूरच्या जफरभाईंचं उभं आयुष्य मोटारसायकली दुरुस्त करण्यात गेलं. खाणीकडची काळी धूळ आणि खिशातली बिडी, दोन्ही छातीत जात राहिल्या. फुप्फुसात कर्करोगाची गाठ निघाली तेव्हा नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू. पण त्याला अजून थोडे आठवडे आहेत, तोवर घरी छाती तयार करा."

बिडी त्याच दिवशी सुटली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आत तीन हलक्या, चेंडूसारख्या गोळ्या असलेलं प्लास्टिकचं यंत्र दिलं. श्वास आत ओढून त्या गोळ्या वर उचलायच्या. शिवाय रोज झपाझप चालायचं. "चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. चक्कर आली की थांबा," असं त्यांनी बजावलं.

जफरभाईंच्या बायकोनं, हुस्नाबीनं, हे पाठ केलं. अडचण होती ती भेटायला येणाऱ्यांची. अख्ख्या राजुरात डॉक्टर नसलेला माणूस सापडणं कठीण. त्यात शेजारचे पुंडलिकराव सगळ्यात वरचे. शेत मुलाकडे सोपवल्यापासून त्यांच्याकडे वेळ आणि सल्ला, दोन्ही भरपूर होते. ते आरामखुर्ची घेऊनच आले.

"जफरभाई, चालून काहून राह्यले? बिमार माणसानं पडून राहा लागते. ताकद जपा."

रोज शिरा येई, रोज उसासे येत. कोणी अंगणात बिडी पेटवून, "या बिडीनंच घात केला," असं हळहळत म्हणे. जफरभाई भिडस्त. चार माणसं बसली की तेही बसत, आणि चालणं राहून जाई. एका संध्याकाळी यंत्रातल्या गोळ्या वर जाईनात, तेव्हा ते हुस्नाबीला म्हणाले, "मी ऑपरेशनच्या टेबलावरच गेलो तर?" तिनं उठून आरामखुर्ची कोंबड्यांच्या खुराड्यामागे टाकली.

दुसऱ्या दिवशी पुंडलिकराव आले. ती दारातच म्हणाली, "भाऊ, ते चालाले निघाले. तुमाले बोलायचं असन तर संगं चाला. बिडी इथंच ठेवा."

पुंडलिकराव निघाले. वळणापर्यंत आरामाचे फायदे सांगून झाले. पुढे चढ लागला आणि सल्ला तुटक येऊ लागला. मग नुसती धाप. चढावर जफरभाईंनीच विचारलं, "बसता का थोडे?"

"मी... बराबर हाव," पुंडलिकराव म्हणाले आणि दगडावर बसले.

हुस्नाबीनं हाच नियम सगळ्यांना लावला. आठवड्याभरात भेटणाऱ्यांची गर्दी ओसरली. सहानुभूती होती, पण चपला घालून चालण्याइतकी नव्हती. पुंडलिकराव मात्र हट्टानं येत राहिले. चालताना त्यांना बोलता येत नसे, त्यामुळे जफरभाईंना त्यांची सोबत प्रथमच आवडू लागली.

ऑपरेशन झालं. फुप्फुसाचा एक भाग काढला. दुसऱ्याच दिवशी नर्सनं जफरभाईंना उभं केलं. टाक्यांवर उशी दाबून खोकत, कण्हत, ते दारापर्यंत गेले. खूप दुखलं, पण श्वास पुरला.

घरी परतले तोवर गावाचं मत बदललं होतं. चहाच्या टपरीवर पुंडलिकराव सांगत होते, "मी रोज चालवलं म्हणून वाचला. नाहीतर तो झोपूनच राह्यत होता."

हे ऐकून हुस्नाबी तणतणत घरी आली. "जाऊन सांगा त्यांना खरं काय ते."

जफरभाई चपला शोधत होते. "कायले? त्यांनी बिडी अर्धी केली, पाह्यलं तू? श्रेय काढून घेतलं तर पुन्हा पुरी सुरू करतील."